एसएएसमधल्या सेटिंग आधी जपून ठेवा, मग बदला : ऑप्टसेव्ह, ऑप्टलोड आणि गेटऑप्शन

दुसऱ्या कोणाचा तरी मॅक्रो (परत परत वापरायचा तयार कोड) उचलला, आपल्या प्रोग्रॅममध्ये चालवला, काम झालं, आणि तासाभराने भलतीकडेच काहीतरी बिघडलेलं दिसलं, एसएएसवर, म्हणजे डेटा विश्लेषणाच्या त्या सॉफ्टवेअरवर, रोज काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. माझ्या बाबतीत झालं ते असं. एका रिपोर्टच्या सगळ्या टेबलांत एन (नोंदींची संख्या) बरोब्बर 100 येत होता. डेटा त्याच्या कितीतरी पट मोठा, लॉगमध्ये एकही एरर नाही, मी मर्ज तपासला, व्हेअर कंडिशन तपासली, सॉर्टसुद्धा परत केलं, आणि शेवटी सापडलं की मध्येच बोलावलेल्या एका जुन्या मॅक्रोत टेस्टिंगसाठी ऑप्शन्स ऑब्स=100 (म्हणजे पहिल्या 100 नोंदीच वाचा) लिहिलेलं होतं आणि ते परत मॅक्स करायचं राहून गेलं होतं. लॉगमधल्या नोटमध्ये 100 ऑब्झर्व्हेशन्स वाचले असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण नोट्स कोण नीट वाचतं हो.

मूळ गोष्ट एवढीच आहे की ऑप्शन्स स्टेटमेंटने बदललेली सिस्टम ऑप्शन (म्हणजे एसएएसची सेटिंग) सेशन संपेपर्यंत तशीच राहते, मॅक्रो संपला म्हणून ती आपोआप मागे जात नाही. त्यामुळे ज्याने बदललं त्यानेच परत जागेवर ठेवायचं. त्यासाठी दोन रस्ते आहेत, आणि कुठला कधी वापरायचा ते कळलं की बरीच डोकेदुखी वाचते. (खाली कोड उच्चाराप्रमाणे लिहिलाय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचा.)

पहिला रस्ता म्हणजे सगळ्या ऑप्शन्सचा एकत्र फोटो काढून ठेवायचा. प्रोग्रॅमच्या अगदी वर लिहा:

प्रॉक ऑप्टसेव्ह आउट=वर्क.आधी; रन;

आणि शेवटी:

ऑप्शन्स ऑब्स=मॅक्स फर्स्टऑब्स=1;
प्रॉक ऑप्टलोड डेटा=वर्क.आधी; रन;

ती मधली ऑप्शन्सची ओळ मी मुद्दाम घालतो. ऑप्टलोडला सेव्ह केलेला डेटासेट वाचायचा असतो, आणि ऑब्स, फर्स्टऑब्स (कितव्या नोंदीपासून वाचायचं) तर डेटासेट वाचण्यावरच बंधन घालतात, मग आधी ते मोकळे करून घेतलेले बरे.

आउट= दिलंच नाही तर एसएएस हा फोटो एसएएसयूझर लायब्ररीत (एसएएसचं ठरलेलं फोल्डर) मायऑप्ट्स नावाने ठेवतं आणि ऑप्टलोडला डेटासेट सांगितला नाही तर तोही तिथूनच उचलतो. स्वतःच्या पीसीवर हे सोयीचं आहे, पण ऑफिसच्या सर्व्हरवर एसएएसयूझर बऱ्याचदा रीड ओन्ली असते, तिथे लिहायला गेलात की एरर येणार, म्हणून लायब्ररीचं नाव स्वतः द्यायची सवय लावा. वर्कमध्ये ठेवलंत तर सेशन बंद झाल्यावर ते गेलं, उद्या सकाळी हीच सेटिंग हवी असेल तर लिबनेम देऊन कायमच्या फोल्डरमध्ये ठेवा.

आता या फोटोत काय येत नाही तेही माहीत हवं, कारण बरेच जण इथेच फसतात. फक्त सेशन सुरू करतानाच देता येतात अशा ऑप्शन्स येत नाहीत, पासवर्डच्या येत नाहीत. आणि टायटल, फुटनोट, लिबनेम, मॅक्रो व्हेरिएबल, ओडीएसच्या (आउटपुट कुठल्या स्वरूपात द्यायचं त्याच्या) सेटिंग, जीऑप्शन्स (आलेखांच्या सेटिंग) या मुळात सिस्टम ऑप्शन्सच नाहीत, त्यामुळे ऑप्टलोड केल्यावर जुनं टायटल परत येईल अशी वाट बघत बसू नका. एखाद्या ऑप्शनबद्दल शंका असेल तर प्रॉक ऑप्शन्स ऑप्शन=इयरकटऑफ डिफाइन; रन; असं चालवा, ती सेव्ह होते की नाही ते लॉगमध्ये लिहून येतं.

या फोटोचा मला सगळ्यात जास्त झालेला उपयोग मात्र वेगळाच आहे. सेव्ह झालेला डेटासेट साधा असतो, त्यात ऑप्टनेम आणि ऑप्टव्हॅल्यू अशी दोन व्हेरिएबल्स. मग एखाद्या मॅक्रोवर संशय असेल तर तो चालवायच्या आधी एक फोटो, नंतर एक फोटो, दोन्ही ऑप्टनेमवर सॉर्ट करा, दुसऱ्यातल्या ऑप्टव्हॅल्यूचं नाव बदलून मर्ज करा आणि दोन व्हॅल्यू वेगळ्या असतील तेवढ्याच ओळी ठेवा. मॅक्रोने गुपचूप काय काय बदललं ते समोर येतं. प्रॉक कंपेअरनेही होतं, पण तो प्रिंटमध्ये लांब कॅरेक्टर व्हॅल्यूची पहिली 20 अक्षरंच दाखवतो, एफएमटीसर्चसारख्या (फॉरमॅट कुठे शोधायचे त्याची यादी) लांबलचक ऑप्शनमध्ये फरक शेवटी असला तर दिसतच नाही, म्हणून मी मर्ज वापरतो.

दुसरा रस्ता एकदोन ऑप्शनपुरता. मॅक्रो लिहिताना हाच वापरा, दोन ऑप्शनसाठी अख्खा फोटो कशाला.

%लोकल जुनी_नोट जुनी_लाइन;
%लेट जुनी_नोट = %सिसफंक(गेटऑप्शन(नोट्स));
%लेट जुनी_लाइन = %सिसफंक(गेटऑप्शन(लाइनसाइझ, कीवर्ड));
ऑप्शन्स नोनोट्स लाइनसाइझ=200;
(इथे तुमचं काम)
ऑप्शन्स &जुनी_नोट &जुनी_लाइन;

नोट्ससारखी चालू-बंद ऑप्शन असली की गेटऑप्शन थेट नोट्स किंवा नोनोट्स असा शब्दच देतं, तो जसाच्या तसा परत टाकता येतो. लाइनसाइझला मात्र नुसता आकडा येतो, म्हणून तिथे कीवर्ड लिहायचं, मग लाइनसाइझ=आकडा असं पूर्ण मिळतं. %लोकल (व्हेरिएबल त्याच मॅक्रोपुरतं ठेवतं) विसरू नका, नाहीतर एका मॅक्रोच्या पोटात दुसरा मॅक्रो असला आणि दोघांनी तेच नाव वापरलं तर जुनी व्हॅल्यू पुसली जाते आणि चुकीचीच सेटिंग "जुनी" म्हणून परत बसते.

अजून एक जागा जिथे घात होतो ती म्हणजे मॅक्रोमधून मधूनच बाहेर पडणं. वर कुठेतरी चेक फेल झाला, %रिटर्न झालं, की शेवटची परत ठेवायची ओळ चाललीच नाही. म्हणून बाहेर पडायला एकच दार ठेवा, सगळीकडून %गोटू करून शेवटच्या लेबलवर या आणि तिथेच सेटिंग परत करा. बॅचमध्ये (प्रोग्रॅम समोर न बसता एकदम चालवताना) एरर आल्यावर एसएएस स्वतःच सिंटॅक्स चेक मोडमध्ये (फक्त कोड तपासायचा, डेटा नाही) जाऊन ऑब्स=0 करू शकतं, म्हणजे फोटो उशिरा काढलात तर तो शून्यच सेव्ह व्हायचा, तेव्हा फोटो कायम प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच.

एवढी काळजी कशाला असं वाटत असेल तर इयरकटऑफ बघा, दोन आकडी वर्ष कुठल्या शतकातलं धरायचं ते ठरवणारी ऑप्शन. एसएएस 9.4 मध्ये ती मुळात 1926 असते, म्हणजे दोन आकडी वर्ष 26 ते 99 असेल तर 19xx धरलं जातं आणि 00 ते 25 असेल तर 20xx. कोणी मॅक्रोत ती 1950 केली आणि तशीच सोडली, तर पुढे वाचलेली 15/08/40 ही जन्मतारीख 1940 ऐवजी 2040 होते. एरर नाही, वॉर्निंग नाही, पेशंटचं वय उणे येतं तेव्हा कळतं, आणि तेही कोणी वय बघितलं तर.

फोटो दुसऱ्या मशीनवर नेणार असाल तर सगळा लोड करू नका. एसएएसऑटोज (मॅक्रो कुठे शोधायचे), एफएमटीसर्च यांत तिथले पाथ आणि लायब्ररी असतात, नव्या ठिकाणी त्या नसतातच. एक डेटा स्टेप लिहून व्हेअर ऑप्टनेम इन मध्ये फक्त हव्या त्या ऑप्शन्स, म्हणजे इयरकटऑफ, मिसिंग, कॉम्प्रेस अशा, वेगळ्या काढा आणि तो छोटा डेटासेट ऑप्टलोडला द्या. मी टीमच्या शेअर फोल्डरमध्ये असा एकच ठेवलाय, नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी तेवढा लोड करून देतो.

आर (R ही संख्याशास्त्रातली दुसरी भाषा) वापरणाऱ्यांना हे जास्त सोपं आहे, तिथे ऑप्शन्स() फंक्शनने काही बदललं की जुन्या व्हॅल्यू तेच परत देतं, त्या एका व्हेरिएबलमध्ये धरायच्या आणि लगेच पुढच्या ओळीत ऑन.एक्झिट मध्ये त्या परत बसवायला सांगायचं, मग फंक्शन एरर येऊन पडलं तरी सेटिंग जागेवर येते. एसएएसमध्ये तसं आपोआप काही नाही, ते शेवटचं लेबल हातानेच लिहावं लागतं.