ब्लॅकलेटर बोर्डावर चढवण्याआधी

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आतेभावाच्या बेकरीचा सहा फुटी बोर्ड मी ब्लॅकलेटरमध्ये, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या जाड, टोकदार रोमन अक्षरांत केला. तसा बोर्ड हवा असेल, तर कॉम्प्युटर उघडण्याआधी दुकानाचे नाव रुंद कापाच्या टाकाने कागदावर लिहून बघा. बोरूने कित्ता गिरवलेल्या हाताला हे वळण लवकर कळते. फक्त टाकाचा काप देवनागरीच्या उलट, रोमनचा घ्या. युरोपात छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गचे १४५५च्या सुमाराचे बायबल टेक्स्चुरा या ब्लॅकलेटरच्या वळणात आहे, आणि टेक्स्चुरा म्हणजे उभ्या काड्यांचे विणकाम. ‘मिनिमम’ हा शब्द रोमन छोट्या अक्षरांत लिहिला की सारख्या पंधरा काड्या ओळीने उभ्या राहतात. तुमच्या नावात एम, एन, यू, आय शेजारी शेजारी असतील, तर टेक्स्चुरा सोडा, रोटुंडासारखे गोलसर वळण बघा.

सगळे नाव कॅपिटलमध्ये लावू नका. फ्राक्टुर या ब्लॅकलेटरच्या आणखी एका वळणातला कॅपिटल ए अनेकांना यू वाटतो. पहिले अक्षर मोठे, बाकी छोटी, एवढेच पुरते.

आता सर्वांत महत्त्वाचे, पांढरी जागा. काडीची जाडी, अक्षराच्या पोटातली फट आणि दोन अक्षरांमधली फट जवळपास सारखी, यावरच ब्लॅकलेटरची लय उभी असते. ठळक वजनात काडी फुगते आणि फट चिमटते. म्हणून अक्षरे ताणून लांब करायची नाहीत, नुसती दूरही सरकवायची नाहीत, वीण उसवते. सहा फुटी बोर्ड ए-फोर कागदावर साधारण सहापट लहान होतो. तो प्रिंट भिंतीला चिकटवून दहा फुटांवरून वाचा, म्हणजे साठ फुटांवरून रस्त्यावरचा माणूस काय वाचेल ते कळते. नाव माहीत नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या. आपले डोळे नाव आधीच ओळखतात. एलईडीची अक्षरे असतील तर फटी आणखी मोकळ्या ठेवा, उजेड पसरून त्या बुजतात. अ‍ॅक्रिलिक कापून घ्यायचे असेल, तर कॅपिटलमधल्या केसासारख्या रेघा आधी जाड करा.

फॉन्टचा परवाना बघा. युनिफ्राक्टुरकुक हा ब्लॅकलेटर फॉन्ट मोफत मिळतो आणि ठळकच येतो. या अक्षरांना नाझी म्हणणारे गिऱ्हाईक भेटेल, तर त्याला सांगा की ३ जानेवारी १९४१ रोजी नाझी राजवटीनेच ती बंद करायला लावली. तरीही शेजारी गरुड किंवा लाल-काळा-पांढरा रंगमेळ टाळलेला बरा.

खालची गुजराती किंवा मराठी ओळ साध्या, एकसारख्या जाडीच्या अक्षरात ठेवा. देवनागरीला टोकदार कोपरे काढून ‘गॉथिक’ करू नका. शिरोरेषेखाली नुसता काळा पट्टा होतो.

शेवटी फाईल कर्व्ह करा, म्हणजे अक्षरे फॉन्टवर न ठेवता त्यांच्या बाह्यरेषा करून टाका. माझी एक फाईल कर्व्ह न करताच प्रेसला गेली, तिथे फॉन्ट नव्हता, आणि नाव साध्या एरियलमध्ये छापून आले. सोबत पीडीएफ द्या, आणि नमुना प्रिंटवर मालकाची सही होईपर्यंत मशीन चालू करू देऊ नका.