पत्र्याच्या शेडमधील उकाडा आणि ठिबकणारे पाणी

रत्नागिरीजवळच्या आमच्या आंब्याच्या बागेत पेट्या, अवजारे आणि खते ठेवण्यासाठी पत्र्याची शेड आहे. एप्रिल-मेच्या दुपारी तिथे उभे राहवत नसे, आणि पावसाळा सरल्यानंतरच्या निरभ्र रात्री पत्र्याला आतून पाणी सुटून ते खताच्या पोत्यांवर ठिबकत असे. दोन्ही त्रासांचे मूळ एकच होते: पातळ पत्रा दिवसा तापून खाली उष्णता फेकतो, तर रात्री आकाशाकडे उष्णता सोडत भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, आणि दमट हवा त्याला लागली की बाष्पाचे पाणी होते.

ग्लासवूल (काचेच्या तंतूंची उष्णतारोधक गादी) ओलसर झाले की उष्णता नीट अडवत नाही, म्हणून ते मी टाळले. पत्र्याच्या आतील बाजूस 10 मिलिमीटर जाडीचा, पाणी न शोषणारा एक्सएलपीई (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) फोम चिकटवून घेतला आणि त्यावरील ॲल्युमिनियमची चकचकीत बाजू खाली, मोकळ्या हवेकडे ठेवली. ही बाजू कशाला टेकली तर तिचा उपयोगच उरत नाही. सर्वांत महत्त्वाचे काम सांध्यांचे आहे, कारण फटीतून दमट हवा पत्र्यापर्यंत पोहोचली की ठिबक पुन्हा सुरू होते, म्हणून प्रत्येक सांधा फॉइलच्या टेपने बंद केला.

वळचणीला आणि आढ्याजवळ जाळी लावलेले झरोके ठेवल्याने गरम हवा वरून निघून जाते. पत्र्याला बाहेरून पांढरा परावर्तक रंग दिला असून, त्यावरील धूळ व शेवाळ उन्हाळ्यापूर्वी धुवावे लागते. ॲल्युमिनियम वीजवाहक असल्यामुळे विजेच्या तारा मात्र पाइपातूनच न्याव्यात.