डिकलखालची पांढुरकी चकाकी कशी घालवली

भारतीय हवाई दलाच्या मिग-२१ विमानाचं १/७२ मापाचं मॉडेल जवळपास पूर्ण झालं आणि पंखावरच्या तिरंगी चक्राखाली पांढुरकी चकाकी दिसायला लागली. मी चक्राचं डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ छापील चित्र) थेट मॅट रंगावर लावलं होतं. त्या खरखरीत पृष्ठभागात हवा अडकली. उपटायचा मोह आवरला, सुकलेलं डिकल हमखास फाटतं. बारीक सुईनं पंधरा-वीस भोकं पाडली आणि ब्रशनं डिकल सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रावण) सोडलं. चक्र आधी पार सुरकुतलं. जीव खालीवर झाला, पण बोट लावलं नाही. सकाळी ते पॅनेलच्या रेघांत (पत्र्याच्या जोडांच्या कोरलेल्या खाचांत) घट्ट बसलं होतं! शेपटीवरच्या पट्ट्यांआधी मात्र ग्लॉस क्लिअरचे (चकचकीत, गुळगुळीत पारदर्शक लेपाचे) दोन पातळ हात मारले, २४ तास वाळू दिले. तिथं चकाकी आलीच नाही. मॅट क्लिअर सगळ्यात शेवटी मारला.