वेबव्ह्यूवरचा टॅप सापडत नाही? या चुका टाळा

वाचनाच्या अ‍ॅपमध्ये एक साधी सोय असते: पानावर टॅप केलं की वरची पट्टी लपते, पुन्हा टॅप केलं की परत येते. मजकूर वेबव्ह्यूत, म्हणजे अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या चौकटीत, असेल तर एवढ्याशा कामात दोन दिवस जातात. मी ते करायला घेतलं तेव्हा ज्या चुका झाल्या, त्याच आजही सहकाऱ्यांच्या कोडमध्ये दिसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक म्हणजे वेबव्ह्यूला बटणासारखं वागवणं. अँड्रॉइडवर ऑनक्लिकलिसनर (क्लिक ऐकणारा कोड) लावला तर एररही येत नाही आणि टॅपही येत नाही. साध्या व्ह्यूवरून (पडद्यावरच्या बटणासारख्या घटकावरून) बोट उचललं की त्याचं ऑनटचइव्हेंट पुढे परफॉर्मक्लिकला बोलावतं. वेबव्ह्यू मात्र स्पर्श थेट आतल्या क्रोमियमकडे (पान दाखवणाऱ्या ब्राउझर इंजिनाकडे) सोपवतं, त्यामुळे परफॉर्मक्लिकपर्यंत गोष्ट जातच नाही. यादीतल्या कार्डात वेबव्ह्यू ठेवलं की कार्डाचा क्लिक बंद पडतो, तोही यामुळेच. कार्डातला मजकूर नुसता दाखवायचा असेल, आतल्या लिंक चालायला नको असतील, तर वर एक पारदर्शक व्ह्यू पसरा आणि क्लिक त्याला लावा. हा उपाय मी बिनदिक्कत वापरतो.

मग आपण प्रत्येक स्पर्श ऐकणाऱ्या ऑनटचलिसनरकडे वळतो आणि बोट उचललं की पट्टी लपवतो. आता वाचक स्क्रोल करून थांबला तरी पट्टी लपते. बोट किती सरकलं हे स्वतः मोजत बसू नका, स्पर्शाचा प्रकार ओळखणारा अँड्रॉइडचा जेश्चरडिटेक्टर वापरा. किती सरकलं की टॅप नव्हे, हे तो सिस्टीमच्या मर्यादेवरून ठरवतो. पण इथे एक बारीक खाच आहे. बऱ्याच जणांच्या कोडमध्ये डिटेक्टरचं उत्तरच लिसनरच्या ऑनटच मेथडमधून परत पाठवलेलं असतं. डिटेक्टरच्या ऑनसिंगलटॅपअपने ट्रू, म्हणजे 'हा स्पर्श मी हाताळला', असं उत्तर दिलं की बोट उचलल्याची खबर वेबव्ह्यूपर्यंत पोचत नाही. पानाच्या लेखी बोट अजून टेकलेलंच असतं, आणि लिंक उघडत नाही. डिटेक्टरला इव्हेंट द्या, पण ऑनटचमधून नेहमी फॉल्सच परत करा. डबल टॅपने झूम होत असेल तर ऑनसिंगलटॅपकन्फर्म्ड घ्या, नाहीतर पहिल्याच टॅपला पट्टी उडी मारते. त्यासाठी साधारण 300 मिलिसेकंद वाट पाहावी लागते, ती पत्करा.

आयफोनवर डब्ल्यूकेवेबव्ह्यूला (तिथल्या वेबव्ह्यूला) टॅप रेकग्नायझर, म्हणजे टॅप ओळखणारा ऑब्जेक्ट, जोडूनही काही घडत नाही, कारण आतले रेकग्नायझर बाजी मारतात. आपल्या रेकग्नायझरच्या डेलिगेटमध्ये (त्याच्या वतीने उत्तर देणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) 'दोघांनी एकाच वेळी ओळखायला हरकत नाही' असं ट्रू उत्तर द्यावं लागतं. शिवाय रेकग्नायझरचं कॅन्सल्सटचेसइनव्ह्यू हे सेटिंग मुळात ट्रू असतं. ते फॉल्स करा, म्हणजे पानाचा स्पर्श हिरावला जात नाही.

एवढं करूनही माझं काम अडलं होतं. वाचक लिंकवर टॅप करायचा, लिंक उघडायची आणि पट्टीही हलायची. नेटिव्ह बाजूला, म्हणजे अ‍ॅपच्या कोडला, 'बोट कुठे पडलं' हे कळतं, 'कशावर पडलं' हे पानालाच ठाऊक असतं. बोटाखाली काय आहे ते सांगणारं अँड्रॉइडचं हिटटेस्टरिझल्ट थोडी मदत करतं, पण लिंकच्या आत चित्र असलं की ते लिंकऐवजी चित्राचा पत्ता हाती देतं. म्हणून पान आपलं असेल तर क्लिक पानातच ऐका: जावास्क्रिप्टच्या क्लोजेस्ट मेथडने जवळची लिंक शोधा, सापडली तर गप्प राहा, नाही सापडली तरच अ‍ॅपला निरोप पाठवा. आयफोनवर हा लिसनर थेट डॉक्युमेंटवर लावला तर साध्या परिच्छेदावरचा क्लिक तिथवर पोचेलच असं नाही. मजकुराच्या वेष्टनाला म्हणजे बॉडीच्या आतल्या डिव्हला लिसनर लावा, किंवा सीएसएसमध्ये कर्सर पॉइंटर द्या.

निरोप आल्यावरही जपून. अँड्रॉइडवर जावास्क्रिप्टइंटरफेसची (पानाला अ‍ॅपशी बोलू देणाऱ्या दुव्याची) मेथड यूआय थ्रेडवर, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या मुख्य थ्रेडवर, चालत नाही. तिथून सरळ पट्टीला हात लावू नका, काम यूआय थ्रेडकडे पोस्ट करा. हा इंटरफेस पानातल्या सगळ्या आयफ्रेमनाही (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानांनाही) मिळतो, त्यामुळे परक्या साइटचं पान उघडणाऱ्या वेबव्ह्यूला तो अजिबात जोडू नका. दुसऱ्या डोमेनच्या आयफ्रेममधला क्लिक बाहेरच्या पानाला दिसत नाही; व्हिडिओवर केलेला टॅप 'हरवतो' तो इथेच.

शुडओव्हरराइडयूआरएललोडिंग, म्हणजे लिंक उघडण्याआधी अ‍ॅपला विचारणारी अँड्रॉइडची मेथड, तिच्यावर टॅप मोजणारेही भेटतात. पोस्ट रिक्वेस्टला (फॉर्म पाठवण्यासारख्या मागणीला) ती बोलावली जात नाही, आणि पुशस्टेटने, म्हणजे नवं पान न उघडता जावास्क्रिप्टने, पत्ता बदलला तर तिला पत्ताही लागत नाही. ती लिंक अडवायला ठेवा.

आणि अंदाजाने कोड बदलण्याआधी पानाच्या आत बघा. अँड्रॉइडवर सेटवेबकंटेंट्सडीबगिंगएनेबल्ड चालू करून क्रोममधून, आणि आयओएस 16.4 पासून वेबव्ह्यूचं इझइन्स्पेक्टेबल ट्रू करून मॅकवरच्या सफारीतून कन्सोल उघडतो. तिथे टचस्टार्ट (बोट टेकल्याचा इव्हेंट) दिसतो पण क्लिक दिसत नाही, असं असेल तर दोष बहुधा नेटिव्ह बाजूच्या ट्रूमध्ये किंवा त्या कॅन्सल्सटचेसमध्ये सापडेल.