जंगलाचा पैसा गावातच कसा ठेवायचा: ग्रामसभेसाठी थोडक्यात

मुंबई-पुणे आणि गडचिरोलीच्या कमाईत किती अंतर आहे हे सगळ्यांना माहितीये. १९८४ ला दांडेकर समितीने अनुशेष (मागास भाग विकासात किती मागे राहिले ते) मोजून दिला, १९९४ ला त्या भागांसाठी विकास मंडळं आली, २०१३ ला केळकर समितीने परत तेच सांगितलं आणि २०२० ला मंडळांची मुदत पण संपली. म्हणून वरून काही येईल ते येईल, पण ग्रामसभेच्या हातात आत्ता जे आहे ते आधी वापरा, आणि जंगल असलेल्या गावात ते म्हणजे बांबू आणि तेंदूपत्ता (बिडीचं पान).

पहिलं काम सामूहिक वनहक्काचा, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाच्या हक्काचा, दावा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेने वनहक्क समिती निवडायची, १० ते १५ जणांची, त्यात एक तृतीयांश तरी बाया हव्यात. सभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत, सह्या-अंगठे तिथेच घ्या, नंतर घरोघरी फिरून घेतलेल्या सह्यांवर कोणीही बोट ठेवतं. पुरावा एकच जोडू नका, निस्तारपत्रक (गावाच्या जंगल-चराईच्या जुन्या हक्कांची सरकारी नोंद) काढा, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, हद्दीचा नकाशा शेजारच्या गावाला सोबत घेऊन फिरून बनवा (भांडणं इथेच मिटतात). मग दावा उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारखेसकट.

पट्टा (हक्काचा कागद) मिळाला म्हणजे झालं असं नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ला २००९ ला सुमारे १८०० हेक्टरचा हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचं परवाना पुस्तक हातात पडायला २०११ उजाडलं. आता नियमात स्पष्ट आहे की परवाना ग्रामसभेची समितीच देते, त्यामुळे कोणी अडवलं तर तोंडी वाद घालत बसू नका, लेखी मागा की कोणत्या नियमाने अडवलं.

आता तेंदू. इथेच खरा पैसा आहे आणि इथेच गाव फसतं. तोडाई मे महिन्याच्या आसपास, पण लिलावाची तयारी हिवाळ्यातच करा. एकट्या गावाचा माल थोडा, ठेकेदार भाव पाडतो, म्हणून आजूबाजूच्या ग्रामसभा मिळून लिलाव घ्या, कोरची तालुक्यात तर महाग्रामसभाच उभी राहिलीये. करारात मजुरी आणि रॉयल्टी (पानांपोटी ग्रामसभेला मिळणारी रक्कम) वेगवेगळी लिहा, आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय एक पोतं हलू देऊ नका, "सीझन संपला की देतो" म्हणणारा बऱ्याचदा पुढच्या सीझनलाही दिसत नाही. संकलन केंद्रावर पुडे मोजायला गावातलीच दोन पोरं-पोरी बसवा, एका पुड्यात ७० पानं, आणि रोजचा आकडा फळ्यावर लिहा म्हणजे सगळ्यांना दिसतो.

बांबू तोडताना यंदाचा कोवळा सोडायचा, आणि दरवर्षी जंगलाचा वेगळा भाग धरायचा.

खातं ग्रामसभेच्या नावाने, पॅन कार्ड काढलेलं, सह्या तिघांच्या आणि त्यात एक बाई. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेलं गाव असेल तर आदिवासी घटक योजनेतला ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतीत येतो, तो वनहक्काच्या कामालाही लागतो, पण बहुतेक ठिकाणी सगळा रस्ता-गटारातच जातो, म्हणून ठराव आधी करून ठेवा. आणि तेंदू-बांबू नसतो त्या महिन्यांसाठी रोजगार हमीची मागणी लेखी द्या, १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता मागता येतो, फक्त पोच सांभाळून ठेवा.