फी माफ झाली, खर्च नाही: पुण्यातल्या नामवंत कॉलेजात शिकताना या चुका टाळा

सीओईपी, फर्ग्युसन, बी.जे. मेडिकल अशा ठिकाणी नंबर लागला की गावात पेढे वाटले जातात आणि घरचे निर्धास्त होतात, 'फी तर माफच आहे.' घोळ इथूनच सुरू होतो.

उदाहरणार्थ, 2024-25 पासून वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण फक्त तेवढंच. खोलीची अनामत, मेस, ॲप्रन, जर्नल, ड्रॉइंगचं साहित्य हे सगळं खिशातूनच. आणि प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतूनच हवा. चांगली ब्रँच मिळते म्हणून मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली, तर सवलत हातची जाते. जागा पक्की करण्याआधी पावतीवरची प्रत्येक ओळ वाचून घ्या.

महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं समजू नका. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि शेवटी विभागाकडे जातो. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा, मार्कशीट आणि आधारवर नावाची स्पेलिंग वेगळी किंवा स्कॅन अस्पष्ट असेल, तर तो परत येतो. तुम्ही मात्र 'सबमिट' पाहून निवांत असता आणि दुरुस्तीची मुदत निघून जाते. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती पाहा. क्लार्कला भेटताना अर्ज क्रमांक लिहिलेली प्रिंट सोबत ठेवा. नुसतं नाव सांगून अर्ज सापडायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते बँकेत. 'माझं आधार लिंक आहे' असं प्रत्येक जण सांगतो, पण खात्याला केवायसीसाठी (ओळख पडताळणीसाठी) आधार जोडणं वेगळं आणि अनुदानासाठी सीडिंग होणं, म्हणजे सरकारी पैसे कुठल्या बँकेत जावेत याची आधारशी नोंद होणं वेगळं. आधार चार खात्यांना जोडलेलं असलं, तरी सरकारी पैसे एकाच बँकेत जातात: शेवटचं सीडिंग जिथे झालं तिथे. पुण्यात आल्यावर नवीन खातं उघडताना फॉर्मवर डीबीटीच्या (सरकारी पैसे थेट खात्यात घेण्याच्या) रकान्यात टिक केलीत, तर शिष्यवृत्ती तिकडे वळते आणि वडील गावच्या बँकेत पासबुक भरून घेत बसतात. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती ओटीपी टाकून दिसते. त्यासाठी आधारला चालू मोबाईल नंबर हवा. बंद पडलेलं जुनं सिमकार्ड असेल, तर आधी आधार केंद्रावर जा.

खातं शाळेत असताना उघडलेलं 'छोटं खातं' असेल, तर आणखी एक अडचण. पूर्ण केवायसी नसलेल्या अशा खात्यात आर्थिक वर्षात एकूण 1 लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, आणि शिल्लकही 50 हजारांच्या वर चालत नाही. मोठा हप्ता इथेच अडकू शकतो. शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करून घ्या.

काही योजनांत फीची रक्कम थेट तुमच्या खात्यात येते. ते पैसे कॉलेजचे असतात. त्यातून मोबाईल घेतला किंवा घरची नड भागवली की पुढच्या सत्रात थकबाकीच्या यादीत नाव लागतं. आलेल्या दिवशीच भरा, पावती जपा.

राहण्याबाबत: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेत पुण्यात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला 60 हजार मिळतात, पण शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल तरच. म्हणून वसतिगृहाचा अर्जच न करणं ही चूक. ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. या 'आधार'चा आधार कार्डाशी गोंधळ घालू नका, खिडकीवर हमखास होतो.

हे पैसेही उशिरा येतात. त्यामुळे पेठांत कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन) जागा घेताना अनामत, पहिलं भाडं आणि मेसचा आगाऊ महिना यांची तजवीज करूनच या. मेस ठरवताना खाड्याचा नियम विचारा: सलग किती दिवस सुट्टी घेतली तर पैसे वजा होतात, आणि आधी सांगावं लागतं का? दिवाळीत गावी जाताना हा प्रश्न आठवून उपयोग नाही. पुस्तकं नवी घेऊ नका. ग्रंथालयाची बुक बँक आणि अप्पा बळवंत चौकातली जुनी पुस्तकं आधी बघा. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात 'कमवा व शिका' योजना असेल, तर नावनोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच करा.

आता वर्गातलं. इंग्रजी कळत नाही म्हणून मागच्या बाकावर जाणं आणि 'सगळ्यांना येतंय' असं गृहीत धरणं यातून केटी लागते, म्हणजे विषय मागे राहतो. विषय कळलेला असतो, अडतं ते शब्दांवर. तासाआधी त्या धड्यातले वीसेक पारिभाषिक शब्द वहीत उतरवा, समोर मराठीत अर्थ लिहा. तास संपल्यावर सरांना किंवा मॅडमना मराठीत विचारलं तरी चालतं, फक्त 'काहीच कळलं नाही' असं म्हणू नका. उदाहरणाच्या तिसऱ्या पायरीवर अडलं असेल, तर तीच पायरी दाखवा.