बाबांच्या घराची किंमत आम्ही कशी ठरवली

बाबा गेल्यावर नौपाड्यातल्या फ्लॅटचा प्रश्न आला. घर दादा ठेवणार, ताईला आणि मला हिश्श्याचे पैसे देणार, इथवर एकमत होतं. पण किंमत कोणती धरायची? एजंटाने सुपर बिल्टअपवर (म्हणजे जिना, लिफ्ट अशा सामाईक जागेचा वाटा धरून) आकडा सांगितला, दादाने रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा. फरक ऐकून ताई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मला तेच फार लागलं.

शेवटी नोंदणीकृत व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणारा तज्ज्ञ, बोलावला, फी तिघांनी वाटून दिली. त्यांनी करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पाहिलं, खोली न् खोली मोजून खरा कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) काढला, इमारतीचं वय आणि आसपासच्या नोंदणी झालेल्या व्यवहारांचे दर लक्षात घेतले. रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी असतो, तो बाजारभाव नव्हे, हे दादाला तेव्हा पटलं.

एक गोष्ट आठवणीने मागा: घर १९८६ चं, म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमतही अहवालात लिहून घेतली. करासाठी भांडवली नफा काढताना मूळ खरेदीच्या किमतीऐवजी ती धरता येते, फक्त त्या तारखेच्या मुद्रांक मूल्याहून (मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं त्या किमतीहून) जास्त नाही.

अहवाल आला त्या संध्याकाळी ताईनेच दादाला फोन केला.